जहाजावरची परीटघडी

अलास्काच्या किनाऱ्याने केलेल्या आमच्या जलप्रवासाविषयी चार शब्द लिहावेत, असा आग्रह स्नेह्यांनी धरला तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने लेखणी हाती घेतली. हिमनद्या, देवमासे, रात्री दहापर्यंत न मावळणारा सूर्य अशी सारी सामग्री मनात तयार होती. परंतु लिहावयास बसलो आणि डोळ्यांपुढे पुनःपुन्हा येऊ लागली ती एक धुण्याची पिशवी आणि एक पांढरा सदरा. तेव्हा वाचकांची क्षमा मागून आज आम्ही जहाजावरच्या धुण्याविषयीच लिहिणार आहोत. हिमनद्यांची वर्णने इतरत्र पुष्कळ मिळतील.

२०२४ सालच्या जून महिन्यात आमच्या लेकीने व जावयांनी आम्हां उभयतांना व्हॅन्कुव्हर बंदरात जहाजावर बसवून दिले. केचिकन, जुनो, स्कॅग्वे, ग्लेशिअर बे असे करीत सात रात्रींनी व्हिटिअर बंदरात उतरावयाचे होते. बेळगावाहून निघताना विमानाच्या वजनाचा धाक होता, म्हणून आमच्या मंडळींनी कपडे मोजकेच घेतले होते. “रात्री धुवावेत, सकाळी घालावेत, त्यात काय मोठेसे!” असे त्यांचे म्हणणे. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला कोणी धुणे शिकवावे?

पण जहाज म्हणजे घर नव्हे, हे दुसऱ्याच दिवशी कळून आले. आमच्या केबिनच्या न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढावयाची एक बारीकशी दोरी होती. तिच्यावर मंडळींनी दोन पोलकी व आमचे मोजे वाळत घातले. खोलीला उघडणारी खिडकी नाही, वारा नाही, ऊन तर नाहीच. दीड दिवस उलटला तरी मोजे ओलेच. इस्त्री मागितली तर खोलीत इस्त्री वापरण्यास सक्त मनाई! समुद्राच्या मध्यभागी आग लागली तर पळणार कोठे? त्यामुळे जहाजावर पाण्यापेक्षा आगीचेच भय अधिक बाळगतात.

तिसऱ्या दिवशी केचिकनला उतरलो. या गावात वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्या आम्हांस त्याचे कौतुक वाटले नाही, आणि त्या घमेंडीत आम्ही छत्री न घेताच निघालो. आंबोलीचा पाऊस भिजवतो. केचिकनचा भिजवतो आणि वर गारठवतोही, एवढा फरक दोन तासांत ध्यानात आला. संध्याकाळी परतलो तेव्हा अंगावरचे आणि पिशवीतले मिळून कोरडे असे फारसे काही उरले नव्हते.

आता जहाजाच्या लाँड्रीवाचून गत्यंतर नव्हते. कपाटात एक पिशवी व एक छापील यादी ठेवलेली होती. यादीत सदरा, विजार, झगा अशी कपड्यांची नावे आणि प्रत्येकासमोर दर. एका सदऱ्याला पाच डॉलरच्या आसपास! आम्ही मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि यादी मिटून ठेवली. मंडळींनी ती पुन्हा उघडून खालची ओळ दाखवली. एका पिशवीत मावतील तितके कपडे द्या, सगळ्यांचे मिळून एकच मोल द्या, दोन दिवसांनी परत घ्या. मग काय विचारता! पिशवी भरण्याचे काम आम्ही अंगावर घेतले आणि गुडघा देऊन देऊन ती ठासून भरली. आपले आतले कपडे परक्याच्या हाती देण्याचा क्षणभर संकोच वाटला. पण स्वस्ताईपुढे संकोच टिकत नाही.

यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती, की खिसे रिकामे करून द्यावेत. मंडळींनी विचारले, “अहो, खिसे पाहिलेत ना?” आम्ही “हो” म्हणालो. वाचकहो, आम्ही पाहिले नव्हते.

मधले दोन दिवस जुनो व स्कॅग्वे पाहण्यात गेले. पाचव्या दिवशी, १८९८ सालच्या सोन्याच्या लोटात गजबजलेले ते चिमुकले स्कॅग्वे गाव पाहून संध्याकाळी परतलो, तो बिछान्यावर धुणे येऊन पडलेले. प्रत्येक कपड्याची अशी परीटघडी, की मोडावयास जीव होऊ नये. मंडळींची सुती लुगडी तर कागदासारखी सपाट झाली होती. सर्वांवर आमचा पांढरा सदरा होता. हा सदरा लेकीने आपल्या पहिल्या पगारातून घेतलेला. गेली अठरा वर्षे आम्ही तो सणासुदीलाच घालतो आणि दुसऱ्या रात्रीच्या मेजवानीलाही तोच घातला होता. घडी उलगडली, आणि खिशाखाली तळहाताएवढा फिकट निळा डाग दिसला!

त्यानंतर आम्ही जे केले ते सांगावयास लाज वाटते. पण न सांगता या लेखाला अर्थ नाही. आम्ही सदरा घेऊन तडक खाली चौकशीच्या टेबलाकडे गेलो. तेथल्या मुलीने नम्रपणे क्षमा मागितली. पण आमचे तेवढ्याने भागेना. आम्ही कागद मागून घेतला आणि पाऊण पान तक्रार लिहिली. निष्काळजीपणा, बेजबाबदारी, उतारूंच्या मालमत्तेविषयी अनास्था, असे एकाहून एक भारी शब्द त्यात घातले. तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे दुसऱ्याच्या चुका लिहिताना आमचा हात अडखळत नाही. सही करून, समाधानाने आम्ही वर आलो.

खोलीत मंडळी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्या हातात एक चिठ्ठी व एक लहान लिफाफा होता. “अहो, सदऱ्याच्या घडीत हे टाचलेले होते. तुम्ही घडी उलगडलीत तेव्हा खाली पडले. आधी हे वाचा.”

लिफाफ्यात आमचे शाईचे पेन होते, आतून-बाहेरून धुऊन पुसलेले. चिठ्ठीत साध्या इंग्रजीत चार ओळी होत्या. कपडे पाण्यात घालण्याआधी खिसे तपासताना हे पेन सापडले. टोपण सैल होऊन शाई पसरली होती. डाग तीन वेळा काढला, पण पूर्ण गेला नाही. अधिक तीव्र औषध लावले तर कापड विरेल, म्हणून थांबलो. क्षमा असावी.

म्हणजे दोष सर्वस्वी आमचा. त्या माणसाने खिसा चाचपला नसता, तर पिशवीतला प्रत्येक कपडा निळा होऊन आला असता. ज्याने आमची अब्रू वाचवली, त्याचीच अब्रू आम्ही पाऊण पानात काढून आलो होतो. मंडळी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

लगेच खाली जाऊन तक्रार परत घ्यावी हे उचित होते. परंतु आता ती मुलगी काय म्हणेल, या विचाराने पाय उचलेना. सकाळी पाहू, असे म्हणून आम्ही पडलो. झोप आली नाही. दुसऱ्या सकाळी जहाज ग्लेशिअर बेमध्ये शिरले. मार्जरी हिमनदीची निळसर भिंत समोर उभी होती, बर्फाचे कडे गडगडाट करीत समुद्रात कोसळत होते आणि सारे जहाज कठड्याशी लोटले होते. आम्ही मात्र खालच्या मजल्यावर त्या टेबलापुढे उभे होतो. तक्रार वरिष्ठांकडे गेली आहे, ती परत मिळणार नाही, असे कळले. तेव्हा आम्ही दुसरा कागद मागितला आणि चूक आमची होती हे स्पष्ट शब्दांत लिहून दिले. हे पत्र पहिल्यापेक्षा लहान होते. पण लिहावयास दुप्पट वेळ लागला.

सातव्या दिवशी जहाजाची आतली व्यवस्था उतारूंना पैसे घेऊन दाखवतात, असे समजले. त्यात लाँड्रीही होती. आम्ही दोघांची नावे घातली. गालिचे व झुंबरे यांचा प्रदेश संपला, एक लोखंडी दार उघडले आणि आम्ही दुसऱ्याच जगात आलो. उघड्या नळांची रांग, साधा रंग दिलेल्या भिंती आणि खाली खाली जाणारे जिने. लाँड्री अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीखाली आहे. तेथे खिडकी नाही आणि दिवस-रात्रीचा भेदही नाही. माणूस उभा राहील एवढी धुण्याची यंत्रे, वाळवण्याचे मोठमोठे ढोल, आणि एका बाजूने ओली चादर घेऊन दुसऱ्या बाजूने कोरडी, इस्त्री झालेली चादर बाहेर सोडणारे लांबलचक रूळ. हवेत गरम वाफ आणि साबणाचा वास. हजारो लोकांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडे, खलाशांचे गणवेश आणि आमच्यासारख्यांच्या पिशव्या, सारे येथेच उतरते.

तेथे दोन-तीन गोष्टी नव्याने कळल्या. धुण्याचे गोडे पाणी पुष्कळसे समुद्रातूनच तयार करतात. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेने खारे पाणी कमी दाबाखाली उकळून त्याची वाफ थंड करतात, किंवा ते दाबाने बारीक पडद्यांतून गाळून घेतात. वाळवण्याच्या यंत्रांत साचणारा तंतूंचा भुगा वरचेवर काढावा लागतो, कारण तो ठिणगीसरशी पेटतो. धुण्याचे मळके पाणीही वाटेल तेथे सोडता येत नाही. अलास्काच्या समुद्रात त्यावर २००० साली अमेरिकेच्या काँग्रेसने व २००१ साली अलास्का राज्याने कायद्याने बंधने घातली. पूर्वी हा व्याप जहाजावर नसे. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर लाँड्री नव्हती. म्हणूनच त्या एका फेरीसाठी १५,००० चादरी आणि जेवणाच्या टेबलावरचे ४५,००० रुमाल बरोबर घेतले होते. ते परत येऊन किनाऱ्यावर धुतले जावयाचे होते.

कपडे निवडण्याच्या टेबलाशी एक पस्तिशीचा माणूस उभा होता. आमच्या मंडळींनी आम्हांला हळूच मराठीत काही सांगितले, तशी त्याने मान वर केली. “काका, तुम्ही आमच्याकडचे?” तो गोव्याचा, पेडण्याकडचा निघाला. खोलीचा क्रमांक सांगताच तो हसला. “म्हणजे निळ्या पेनाचे काका!” चिठ्ठी त्यानेच लिहिली होती.

आम्ही हात जोडले. तो गडबडून गेला. आम्ही पुनःपुन्हा विचारले तेव्हा म्हणाला, “पहिला कागद आला त्या रात्री झोप लागली नाही, काका. पुढचा करार मिळायचा की नाही, ते अशा कागदांवरही ठरतं. दुसरा कागद आला तेव्हा साहेबांनी मला दोन्ही वाचायला दिले.” थोडे थांबून म्हणाला, “दुसरा कागद कोणी लिहीत नाही.”

करार नऊ महिन्यांचा, त्यातला सातवा चालू होता. मुलगी वर्षाची होत आली. तिचे पहिले पाऊल त्याने फोनवर पाहिले. २००६ साली झालेल्या सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, जो २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ साली स्वीकारला, जहाजावरील माणसास दर चोवीस तासांत निदान दहा तास व आठवड्यात निदान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे कायदा पाळूनही कामाचा दिवस किती लांब असू शकतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

निघताना त्याने सांगितले, की बोटीची वाट पाहत तो मुंबईत गावच्या कुडात राहिला होता. वडीलही तेथेच उतरत. हे कूड, म्हणजे गोव्यातल्या गावांनी आपल्या खलाशांसाठी चालवलेली बिऱ्हाडे, बहुतेक धोबी तलावाच्या परिसरात. तेथला धोब्यांचा तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढे राहिले. त्या वस्तीतून आम्ही कितीदा तरी गेलो असू, पण ट्रंका घेऊन जिने चढणारी ती माणसे कोठे जातात, हे कधी मनात आले नव्हते.

मागून मार्गदर्शिका हाक मारू लागली. मंडळींनी पिशवीतून घरच्या कुंद्याचा उरलेला पुडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने हात गणवेशाला पुसून तो घेतला.

जलप्रवासास निघणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. कपड्यांची संख्या यादीत स्वतः लिहावी. रेशमी व आठवणीचे कपडे देऊ नयेत. शेवटच्या दोन दिवसांवर धुणे ठेवू नये, कारण तेव्हा ते घेतीलच असे नाही. खिसे स्वतःच्या हातांनी चाचपावेत. आणि परत आलेली घडी उलगडताना तिच्यात काही टाचलेले असेल तर ते आधी वाचावे, मग खाली जावे.

तो सदरा आम्ही अजून सणाला घालतो. डाग दिसतो. मागच्या नाताळात लेकीने दूरध्वनीवर विचारले, नवा पाठवू का? आम्ही नको म्हटले.