कयाधूकाठी, पावसाआधी

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याकडे निघालेली गाडी वसमतला थांबते, तेव्हा वैशाखाच्या उन्हाबरोबर हळदीचा वास डब्यात शिरतो. वसमतची हळद ही या भागाची ओळख आहे. मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि आडत दुकानांत वर्षाचा हिशेब जुळवण्याची घाई चाललेली असते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. येथील व्यापार शेतीवर उभा आहे आणि शेती आजही पुष्कळ अंशी बैलाच्या खांद्यावर.

वसमतहून औंढ्याकडे जाताना शिरड शहापूर लागते. भगवान मल्लिनाथांचे हे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र मराठवाड्यातील जैन कुटुंबांना सुपरिचित आहे. येथील मूर्ती पूर्वी अर्धापूरला होती, असे जुनी मंडळी सांगतात. दर्शन आटोपून यात्रेकरू बाहेर येतो, तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात लाल कंधारी बैलांची जोडी नांगरटीत गुंतलेली दिसते. अंगभर एकसारखा लाल रंग, काटक बांधा आणि कमी चाऱ्यावर तग धरण्याची ताकद ही या जातीची लक्षणे. कंधार परिसराचे नाव घेऊन ती नांदेड, परभणी, हिंगोलीच्या शिवारांत नांदते आहे.

पुढे औंढ्याच्या नागनाथ मंदिरात नंदी नेहमीसारखा गाभाऱ्यासमोर नसून देवळाच्या मागे आहे. संत नामदेवांच्या भक्तीसाठी देऊळच फिरले, ही त्यामागची प्रसिद्ध कथा. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोलीजवळच, कयाधू नदीच्या काठी आहे. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, बैलाच्या मानेला तूप-हळद चोळली जाते आणि दुसऱ्या दिवशी झूल पांघरून त्याची मिरवणूक निघते.

२०२२ चा पोळा मात्र धास्तीत गेला. त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोगाची जनावरे आढळली आणि पुढे रोग राज्यभर पसरला. आधी ताप, मग अंगभर गाठी, पायांवर सूज, चारा बंद. माश्या, डास आणि गोचीड यांच्या चाव्यातून तो एका गोठ्यातून दुसऱ्यात गेला. माणसाला तो होत नाही. पण बैल बसला की घर बसते. शासनाने जनावरांचे बाजार बंद केले आणि शेळ्यांच्या देवी रोगावरील लस गायी-बैलांना मोफत टोचण्याची मोहीम गावोगाव नेली. साथ दाराशी आल्यावर धावाधाव करावी लागते, हा त्या वर्षाचा धडा होता.

तोच धडा दर पावसाळ्यात नव्याने समोर येतो. घटसर्प आणि फऱ्या हे गुराढोरांचे दोन जुने वैरी पावसाबरोबर येतात. घटसर्पात जनावराला सडकून ताप भरतो, घसा सुजतो, श्वास घरघरतो आणि कित्येकदा एका दिवसात खेळ आटोपतो. फऱ्या तर धडधाकट, तरण्या जनावरालाच गाठतो. फऱ्यावर सूज येते, ती दाबली की करकर वाजते. या रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे दडून राहते. म्हणून ज्या शिवारात तो एकदा आला, तेथे पुन्हा येण्याची भीती कायम असते. दोन्हींवर लस आहे. मात्र ती टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे टोचणी मृगाच्या आधी, वैशाख-ज्येष्ठातच व्हावी लागते. लाळ-खुरकूताची लस वर्षातून दोनदा द्यावी लागते. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एकदाच देतात. या दोन रोगांसाठी २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक हा त्या नोंदीचा धागा.

जैन घराला हे वेळापत्रक परके वाटू नये. चातुर्मास लागण्यापूर्वी याच दिवसांत धान्य निवडून ठेवले जाते, पाणी गाळण्याची छन्नी नवी होते, कोपरे झाडले जातात; कारण पावसात जीवोत्पत्ती वाढते आणि दक्षता आधीच घ्यायची असते. गोठ्याची दक्षता याच विचाराची दुसरी बाजू आहे. पांजरपोळाला चाऱ्याची गाडी पाठवणारे हात पुष्कळ आहेत. पण एकाच आवारात शंभर जनावरे असतील आणि टोचणी राहून गेली असेल, तर एक आजारी गाय दान दिलेल्या साऱ्या चाऱ्याचे मोल शून्य करते. नवे जनावर आले की निदान तीन आठवडे वेगळे बांधणे, लसीच्या आधी जंतांचे औषध देणे, आजारी जनावराला बरे झाल्यावरच टोचणे आणि लस दोन ते आठ अंश तापमानात राखणे, ही कामे साधी आहेत. सरकारी लस बहुधा मोफत मिळते. अडते ते जनावर धरून उभे करण्यापाशी. एखाद्या दुकानाने गावासाठी लोखंडी खोडा दिला किंवा टोचणीच्या दिवशी दोन माणसे आणि बर्फाची पेटी दिली, तर ते चाऱ्याइतकेच मोठे दान ठरेल.

इंजेक्शनची सुई पाहून काहींच्या मनाला यातना होतात. ती वेदना क्षणाची असते. घटसर्पाने घुसमटणाऱ्या बैलाची तशी नसते. बुळकांडीचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडणाऱ्या या रोगाविरुद्ध भारताने १९५४ मध्ये टोचणीची राष्ट्रीय मोहीम उभारली. २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून हा रोग संपल्याचे जाहीर झाले. आजच्या तरुण शेतकऱ्याला तो शब्दही ठाऊक नाही.

हिंगोली शहरात पेठेतल्या दुकानांसमोर सकाळी कुत्र्यांना पोळी घालण्याची रीत आहे. ती चांगलीच; पण तिला लसीची जोड हवी. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे आणि बहुतेकांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर जवळपास इलाज उरत नाही, ना माणसाला ना मुक्या जीवाला. पाळलेल्या कुत्र्या-मांजराला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे नियमित टोचणी द्यावी. गावातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली, तर रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने गल्लोगल्ली कुत्र्यांना लस देऊन हे करून दाखवले. २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. आणि हळदीच्या या जिल्ह्यात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: चाव्याच्या जखमेवर हळद किंवा तिखट भरू नये. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

हिंगोलीहून वाशीमकडे निघालेले यात्रेकरू पुढे शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातात. गाडी सुटते तेव्हा उत्तरेकडे वळवाचे ढग जमलेले असतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी नेमिनाथांची कथा लहानपणापासून ऐकलेली असते. कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते लग्नमंडपातून परतले, तेव्हा ते पशू जिवंत होते. करुणा वेळेत पोहोचली होती. कयाधूकाठच्या गोठ्यांतही करुणेला पोहोचण्याची एक वेळ ठरलेली आहे. ती मृगाच्या पहिल्या सरीआधीची.