सात घरं, दोन मांजरी आणि एक घाट

पासपोर्ट आहे, व्हिसा येतोय, सामानाची यादी तयार आहे. पण घरातल्या मांजरींचं काय? उत्तर शोधायला आम्ही थेट नाणेघाटाच्या तोंडाशी, घाटघरला जाऊन आलो.

बातमी शुक्रवारी संध्याकाळी आली. नवऱ्याला नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला नोकरी मिळाली. पिझ्झा मागवून झाला, दोन्हीकडच्या आईबाबांना फोन झाले, तिथलं जानेवारीतलं तापमान बघून थोडं घाबरूनही झालं. मग रात्री अकराच्या सुमारास साय माझ्या पोटावर येऊन बसली आणि मिरी तिच्या नेहमीच्या जागी, म्हणजे नवऱ्याच्या गरम लॅपटॉपवर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकच प्रश्न होता आणि दोघांनाही तो आधी विचारायचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच. ‘कुत्रा माणसाचा असतो गं, मांजर घराची असते. तिला काय, कुणीही दूध घातलं की झालं.’ सासूबाई म्हणाल्या, सोसायटीत सोडा. ऑफिसातल्या एकाने तर मांजर ‘ऑनलाइन देऊन टाकायची’ आयडिया दिली. जुना सोफा असावा तशी!

आमच्या व्हेटने मात्र शांतपणे कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडला. युरोपियन युनियनसाठी आधी मायक्रोचिप. पंधरा आकडी, तांदळाच्या दाण्याएवढी, मानेमागे कातडीखाली. त्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि युनियनने मान्यता दिलेल्या लॅबकडे पाठवायचं. रेबीजविरोधी अँटिबॉडी मिलिलीटरला किमान ०.५ युनिट भरल्या, तर रक्त काढल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबायचं. मगच प्रवास.

‘पण लस तर आपण दरवर्षी देतोच,’ मी म्हटलं.

‘चिप होती का तेव्हा?’

नव्हती. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. कारण ती नेमकी याच मांजरीला दिली, हे सिद्ध कसं करणार? ‘घरातच तर असतात, कशाला हवी चिप?’ असं म्हणून तीन वर्षं टाळलं होतं. कुणी? मीच.

म्हणजे किमान चार महिने. नवऱ्याला सहा आठवड्यांत रुजू व्हायचं होतं. मांजरी न्यायच्या तर त्याने आधी जायचं आणि मी मागे राहायचं. लग्नाला आमच्या जेमतेम दीड वर्ष झालंय. तिसऱ्या दिवशी यावरून आमचं पहिलं खरंखुरं भांडण झालं. ‘मांजरींसाठी तू माझ्यासोबत येणार नाहीस?’ हे वाक्य तो बोलला आणि मग दोन तास कुणीच काही बोललं नाही.

यावर तोडगा काढला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी. ‘ताई, माझ्या भावाकडं ठेवा. घाटघरला. त्यांना उंदरांचा लई ताप आहे. आणि तुमच्या मांजरींना मोकळं रान.’ ऐकायला एकदम छान वाटलं. म्हटलं, आधी जागा बघून तर येऊ.

टोलनाक्यावर

पुण्याहून नाशिक हायवेने नारायणगाव, तिथून जुन्नर. इथवर साधारण ९५ किलोमीटर. जुन्नरच्या पुढे रस्ता पश्चिमेला वळतो, आपटाळे मागे पडतं, चावंडचा किल्ला बाजूला दिसतो आणि उसाच्या जागी भातखाचरं सुरू होतात. आणखी तासाभरात घाटघर. आम्ही गेलो ते दिवाळीनंतरच्या शनिवारी. भात कापून झालेलं, खळ्यांवर झोडणी चाललेली आणि गावाच्या डोक्यावर जीवधन किल्ला, शेजारी वानरलिंगीचा सुळका घेऊन उभा.

मामांच्या घरी जाण्याआधी आम्ही नाणेघाट गाठला. पावसाळ्यात उलट्या धबधब्यासाठी इथे गाड्यांची रांग लागते, पण नोव्हेंबरात निवांत. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून जुन्नरला येणारा माल याच वाटेने चढायचा आणि इथे जकात भरायचा. ती नाणी या रांजणात पडत, असं सांगतात. थोडं खाली उतरलं की लेणं आहे. भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा, राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख. कुठकुठल्या यज्ञांत किती गायी, किती घोडे, किती नाणी दान दिली याचा हिशेब. आपण आज लिहितो त्या आकड्यांचे फार जुने पूर्वज याच भिंतीवर आहेत.

‘म्हणजे कागदपत्रांची कटकट तेव्हाही होतीच,’ नवरा म्हणाला. तीन दिवसांतला त्याचा पहिला विनोद. मी हसले. खाली कोकण धुक्यात होतं. या वाटेने गेलेल्या मालाच्या गोण्यांसोबत एखादी मांजरही उतरली असेल का? जिथे धान्य, तिथे उंदीर आणि जिथे उंदीर, तिथे मांजर. सायप्रस बेटावर पुरातत्त्वज्ञांना माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी होडीत घालून नेलं होतं! परदेशी जाताना मांजर सोबत नेणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

बिबट्याच्या गावात

मामांचं घर झकास. सारवलेलं अंगण, पडवीत शेणाने लिंपलेली भाताची कणगी, कोपऱ्यात हिरड्यांचं पोतं. मामींनी नाचणीची भाकरी, वालाची आमटी वाढली. उंदीर खरोखरच होते. जेवताना एक आढ्यावरून पळालाही. मामा म्हणाले, ‘आणा की. मांजराला काय, दोन घास.’

मी विचारलं, ‘रात्री कुठे झोपतील?’

‘कुठं म्हंजे? हिंडतील. दार काय कुणी मांजरासाठी लावतं व्हय?’

तेवढ्यात पडवीतून आजी म्हणाल्या, ‘आन् वाघरू?’

जुन्नर म्हटलं की बिबट्या आलाच. तालुक्याच्या बागायती भागात बिबटे उसात राहतात, तिथेच पिल्लं वाढवतात. जुन्नरजवळ माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. इकडे पश्चिमेला रान, पण कुत्रं-मांजर इकडेही त्याला सोपंच. मागच्या पावसात शेजाऱ्यांचा कुत्रा गेला, मामांनी सांगितलं. अगदी सहज. त्यांच्यासाठी ती रोजच्या जगण्यातली गोष्ट होती. साय आणि मिरीने मात्र आजवर जाळी लावलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून फक्त कबुतरं पाहिली आहेत.

आणि मला बिबट्यांचीच गोष्ट आठवली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले जायचे. ‘मांजरच ते, जंगल मिळालं की झालं.’ पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात उलटंच दिसलं. जिथे सोडले, त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. माळशेज म्हणजे घाटघरच्या शेजारचाच घाट. त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा थांबलाच नाही. घाट उतरला, रेल्वेलाइन आणि हायवे ओलांडले आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. तिथलाच होता का? ते त्यालाच ठाऊक. २०११ मध्ये हायवेवर गाडीच्या धडकेत तो गेला. २०१४ मध्ये त्याच्यावर सुजय डहाकेंचा, उर्मिला मातोंडकरची भूमिका असलेला सिनेमाही आला.

मोठ्या मांजराला कुठेही सोडून चालत नाही, हे आपण कळायला एवढी वर्षं घेतली. मग छोट्या मांजरीला ‘काय, कुठेही राहील’ असं आपण कसं म्हणतो?

मी हे सगळं आजींना सांगितलं, अगदी टायटर टेस्टसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पोरी, मांजर पिलं झाल्यावर काय करते? सात घरं हिंडवते. तोंडात धरून. पिलाला इचारते का, यायचं का म्हणून?’

‘नाही.’

‘मग? तू बी धर आन् ने.’

परतीच्या वाटेवर गाडी नवरा चालवत होता. नारायणगाव येईपर्यंत दोघंही गप्प. मग तोच म्हणाला, ‘मी आधी जातो. घर बघून ठेवतो. खिडक्यांना जाळी लागते का, तेही बघतो.’ तिसऱ्या दिवशीच्या त्या वाक्याबद्दल तो सॉरी म्हणाला नाही. गरज नव्हती.

हे लिहितेय तेव्हा चिप बसलीय, लस झालीय, रक्ताचा रिपोर्ट पास आलाय आणि तीन महिन्यांतला एक संपलाय. नवरा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आधी मांजरींना बघतो, मग मला. हॉलमध्ये प्रवासाचा पिंजरा उघडा ठेवलाय, मामींनी दिलेली जुनी गोधडी आत घालून. पहिले पंधरा दिवस दोघी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. काल दुपारी साय दिसेना म्हणून सगळं घर शोधलं. बाईसाहेब आत झोपल्या होत्या. मिरी दारात बसून पहारा देत होती.

मांजर न्यायची असेल तर

• क्रम चुकवू नका: आधी चिप, मग रेबीजची लस, मग रक्त. युरोपसाठी किमान चार महिने हातात ठेवा.

• जपानचे नियम आणखी कडक आहेत. रक्त तपासणीनंतर १८० दिवस थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात भारतातून मांजर थेट नेता येत नाही.

• निघण्याआधी अॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मुंबईत त्यांचं ऑफिस आहे. युरोपचं प्रमाणपत्र पोचण्याआधीच्या दहा दिवसांतलं हवं.

• केबिन की कार्गो, हे एअरलाइन आणि देशावर अवलंबून. तिकीट काढण्याआधी विचारा. ब्रिटनमध्ये विमानाने नेताना मांजर कार्गोनेच जाते.

• पिंजऱ्यात तिला उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. सवय महिनाभर आधीपासून लावा. झोपेचं औषध देऊ नका.

घाटघरला जायचं असेल तर

जुन्नरहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. मुरबाडकडून येणाऱ्यांनी वैशाखऱ्याजवळून नाणेघाट पायी चढावा. जीवधन चढायचा तर सोबत गावातला वाटाड्या घ्या. लेण्यातल्या लेखाला हात लावू नका. आणि कुणाच्या पडवीत आजी बसलेल्या दिसल्या, तर दोन मिनिटं थांबा.