चिंधी जळाल्याचा वास

आईला दम्याच्या तपासणीसाठी मंद्रूपहून सोलापूरला नेत होतो. फाल्गुनातले दिवस होते. विजापूर महामार्गालगत ऊस तुटून गेलेली राने होती आणि मधूनच एखाद्या फडात पाचट पेटवलेले दिसत होते. त्यामुळे गाडीच्या एसीतून करपट वास येऊ लागला, तेव्हा मला कारण शोधावेसे वाटले नाही. ते खिडकीबाहेर दिसतच होते. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवत ठेवणारे, वळलेल्या बाणाचे बटण मी दाबले आणि निश्चिंत झालो.

मागून आई म्हणाली, "हे पाचट नव्हे रे. चिंधी जळतीय कुठंतरी."

मी हसून सोडून दिले. वाचकहो, तिथेच माझी चूक झाली. वास बाहेरचा असता, तर बटण दाबल्यावर काही मिनिटांत तो ओसरायला हवा होता. तो तर दाटत होता. म्हणजे उगम आतच होता. मला ते जाणवले नाही, कारण नाक कोणत्याही वासाला फार लवकर सरावते आणि मग तो वास गेला असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटते. ज्याच्या श्वासनलिका धुराच्या कणांनी आकसतात, त्याला ही सवलत नसते. सीनेवरचा वडकबाळचा पूल येण्याआधीच आईचा खोकला सुरू झाला. गाडी कडेला घेतली, तिला उतरवून सावलीत बसवले, इनहेलर दिला. दहा मिनिटांनी तिचा श्वास बसला, तेव्हा कुठे माझे डोके चालू लागले.

गाडीची दारे उघडी ठेवून मी एकेक बटण तपासले. एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, वास कायम. तो थांबला असता, तर संशय कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्या पट्ट्यावर गेला असता. पट्टा घसरू लागला की जळक्या रबराचा वास येतो आणि बहुधा किंचाळल्यासारखा आवाजही. मग पंख्याचा वेग चारवर नेला. वास विरला. एकवर आणताच पुन्हा आला. पुष्कळ साध्या गाड्यांत पंख्याचे कमी वेग रेझिस्टर नावाच्या छोट्या भागातून मिळतात. तो तापतो आणि पंख्याच्याच वाऱ्याने थंड राहतो. पूर्ण वेगात वीज त्याला वगळून जाते. गार झोत आईला सोसत नाही म्हणून मी दिवसभर पंखा एकवरच ठेवतो, हे तेव्हा आठवले.

वायर वा प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, धूर दिसला, तर मात्र असले प्रयोग करीत बसू नका. किल्ली फिरवून गाडी बंद करा, सर्वांना उतरवा, दूर उभे राहा. मी पंखा बंद केला, काचा खाली केल्या आणि हळूहळू सोलापूर गाठले.

आईला दवाखान्यात बसवून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी डॅशबोर्डचा खालचा भाग उघडला. आत उंदराचे घरटे होते: कडब्याची पाती, कापूस आणि आमच्याच गाडी पुसण्याच्या फडक्याच्या चिंध्या, एका बाजूने काळ्या पडलेल्या. गाडी रात्री कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते. मुक्कामाला याहून सोयीची जागा उंदराला कोणती मिळणार? मिस्त्रींनी घरटे उडवायला हवेची नळी उचलली, तेव्हा मी त्यांना थांबवले. उंदराच्या मलमूत्राची वाळलेली धूळ श्वासात जाऊ नये. हातमोजे व मास्क घालून, सारे जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून, मग ओल्या फडक्याने काढावे. रेझिस्टर बदलला, फिल्टर नवा घातला.

याहून गंभीर गोष्ट वास न येणारी असते. इंजिनाचा धूर वाहून नेणारी नळी फुटली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो. गाडीत सर्वांचेच डोके एकदम दुखू लागले, मळमळ, गुंगी आली आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. आणि इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसीत मुलांना झोपवू नका. आमच्याकडे लग्नसराईत कार्यालयांबाहेर हे सर्रास दिसते.

संध्याकाळी परतताना आई पुढे बसली. पूल ओलांडल्यावर डाव्या अंगाच्या रानातून धुराचा लोट रस्त्यावर आला. आईने नाकाला पदर लावला.

"हां, हे पाचट. आता दाब तुझं बटण."