गरम पाणी पी, बरं वाटेल

शेनझेनमधला माझा पहिलाच आठवडा. जुलै महिना, हवा मुंबईसारखी दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. ऑफिसजवळच्या एका छोट्या हॉटेलात शिरलो आणि खुणेनेच पाणी मागितलं. ग्लास आला. हात लावला तर चटका बसला. मला वाटलं चहासाठी असेल, पत्ती मागून येईल. पत्ती काही आली नाही. आजूबाजूला पाहिलं तर सगळे तेच पाणी फुंकून फुंकून पीत होते.

टेस्टिंगच्या कामासाठी मी तीन महिने तिकडे होतो. तेवढ्यात कळलं की चीनमध्ये गरम पाणी शोधावं लागत नाही. ऑफिसच्या पँट्रीत, विमानतळावर, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याचे नळ असतात. ट्रेनच्या डब्यातसुद्धा. लोक जागेवरून उठतात, बाटली भरतात, कपातल्या नूडल्स भिजवतात आणि परत येऊन बसतात.

व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, शहाणी आहेत माणसं. मी किती वर्षं सांगतेय तुला." मलाही वाटलं, हे हजारो वर्षांचं असणार. मग वाचायला लागलो. ते अर्धंच खरं निघालं.

पारंपरिक चिनी वैद्यकात थंड पाणी पोटाला आणि प्लीहेला बाधतं असं मानतात, ही समजूत जुनीच आहे. बाराव्या शतकातल्या ज्वांग छुओ नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की साधी माणसंही वाटेत उकळलेलंच पाणी पितात. पण उकळायला सरपण लागतं आणि सरपणाला पैसे. गरिबाच्या घरी नदीचं किंवा विहिरीचं पाणी तसंच प्यायलं जायचं. शांघायसारख्या शहरांत तर गरम पाणी विकणारी दुकानं होती. त्यांच्या चुलीला 'लाओहू झाओ' म्हणत, म्हणजे वाघचूल. बसलेल्या वाघासारखी दिसते म्हणून. घरी कोळसा जाळण्यापेक्षा तिथून किटली भरून आणणं स्वस्त पडायचं.

मग रोगराई. १८६२ साली शांघायमध्ये कॉलरा पसरला. तायपिंग बंडामुळे शहर निर्वासितांनी भरलेलं होतं. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं तरी कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण हे समजणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. १९३४ साली चँग कै-शेक यांनी 'नवजीवन चळवळ' सुरू केली, तिच्या स्वच्छतेच्या धड्यांत उकळलेलं पाणी होतं. खरा जोर आला १९५२ मध्ये. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि अमेरिका रोगजंतू टाकते आहे असा चीन सरकारचा आरोप होता. तो आरोप आजही वादग्रस्त आहे. पण त्यातून 'देशभक्तीपर आरोग्य मोहीम' उभी राहिली: माश्या मारा, उंदीर मारा, विहिरी साफ करा, पाणी उकळून प्या.

इथपर्यंत मला विशेष काही वाटलं नव्हतं. पोस्टर आपल्याकडेही लागतात. फरक पुढे आहे. कारखाने, शाळा, कचेऱ्या यांना बॉयलर मिळाले. देशात थर्मास मोठ्या प्रमाणावर बनायला लागले. फुलांची नक्षी असलेली थर्मासची जोडी लग्नात आहेर म्हणून दिली जाऊ लागली. घराघरात पुन्हा पुन्हा कोळसा जाळण्यापेक्षा एका ठिकाणी पाणी उकळायचं आणि थर्मासात भरून दिवसभर वापरायचं. आमच्या भाषेत याला कॅशिंग म्हणतात. विद्यापीठांच्या होस्टेलांजवळ पाणी उकळण्याची वेगळी खोलीच असायची, आणि मुलं रंगीत थर्मास घेऊन तिथे रांगेत उभी राहायची.

या रांगांचे फोटो बघताना मला आमचं होस्टेल आठवलं.

थर्ड इयरला आमच्याकडे काविळीची साथ आली होती. नोटीस बोर्डावर कागद लागला, 'विद्यार्थ्यांनी पाणी उकळून प्यावे.' त्याच बोर्डावर, शेजारीच, दुसरा जुना कागद होता: 'खोलीत शेगडी, हीटर, किटली आढळल्यास दंड.' आम्ही त्यावर भरपूर जोक केले आणि कूलरचं पाणी पीत राहिलो.

त्यानंतर मी इंटर्नशिपसाठी पुण्याला गेलो. रूममेटचा मेसेज आला, "बरं वाटत नाहीये यार. खायची इच्छाच नाही." मी लिहिलं, "गरम पाणी पी, झोप काढ, बरं वाटेल." आणि पुन्हा कामाला लागलो. पाच दिवसांनी त्याचे वडील त्याला न्यायला आले. परीक्षा बुडाली, वर्ष गेलं.

माझ्याकडे चोरून आणलेली किटली होती. ती माझ्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्या बॅगेत, पुण्यात. ती उघडी असती तर कावीळ टळली असती असं मी म्हणत नाही. विषाणू बहुतेक काही आठवडे आधीच पोटात गेला असणार. पण गरम पाणी पी असं लिहिताना, तो ते आणणार कुठून, हा प्रश्न मला पडला नाही.

शेनझेनमध्ये एकदा मला ताप आला. टीममधली सहकारी म्हणाली, "दुओ ह रश्वेइ." आणि हसायला लागली. याचा अर्थ 'गरम पाणी जास्त पी'. तिकडे इंटरनेटवर हा मोठा विनोद आहे. पोट दुखतंय, ताप आलाय, काहीही सांगा, बॉयफ्रेंडचं उत्तर ठरलेलं: गरम पाणी पी. मुली वैतागतात, कारण हे बोलायला काहीच लागत नाही. एवढं सांगून ती उठली, पँट्रीत गेली आणि माझी बाटली भरून टेबलावर ठेवली.

परत आल्यावर रूममेटला फोन केला. तो आता नाशिकला असतो. चीनच्या गप्पा मारताना त्याला होस्टेलजवळच्या त्या बॉयलरच्या खोलीबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "आपल्याकडे पण होती की किटली. तुझ्या कपाटात. कुलूप होतं."

मला इतकी वर्षं वाटत होतं, त्याला ते माहीत नाही. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सोड रे." मग विचारलं, "तिकडे जेवणाचे हाल झाले का?"