वारा नसलेल्या रात्रीची लाट

मी पडलो राहुरीकडचा गडी. पाण्याशी आमची ओळख विहिरीची, पाटाची, फार तर मुळा धरणाची. म्हणून वसतिगृहातला माझा खोलीसोबती "जानेवारीत रत्नागिरीला चल, काकांच्या बोटीवर राहू," म्हणाला, तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. काका हंगामभर बोटीवरच झोपतात. तेच त्यांचे घर. हवा अशी पडलेली, की विडीचा धूर सरळ वर जावा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रात्री पाणी हलणार. पाहुण्या, दोन्ही अंगांना टायर बांधून ठेव." आणि ते पुतण्याला घेऊन किनाऱ्यावर गेले.

मी एका अंगाला टायर बांधले. दुसरीकडे पाहिले तर पाणी तळ्यासारखे निवांत! म्हाताऱ्या माणसांना उगाच काळजी, असे म्हणून मी पांघरूण ओढले.

मध्यरात्री लाकडाच्या करकरीने जाग आली. वारा नव्हताच. आभाळभर चांदण्या. पण सगळे बंदर झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे वरखाली होत होते. लाट फुटत नव्हती. नुसती अंगाखालून जायची आणि मागोमाग दोर ताणले जायचे. शेजारची बोट उचलली गेली आणि आमच्या उघड्या अंगावर आपटली. काका धावत आले, पण तोवर काठाची फळी चिरली होती. चार दिवस बोट बंद. खलाशांना पगार नसतो, मासळीत वाटा असतो. म्हणजे तोही बंद. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

"वाऱ्याशिवाय लाट आली कुठून?" मी विचारले.

"वारा होता की! इथे नव्हता एवढेच."

मला आमची मुळा आठवली. धरण होण्याआधी राहुरीत थेंब नसतानाही नदीला पूर यायचा, तो हरिश्चंद्रगडाकडच्या पावसाचा, असे आजी सांगायची. म्हणजे मला हे ठाऊक होते!

परतल्यावर भूगोलाच्या सरांनी उलगडून सांगितले. इराणच्या आखाताकडे हिवाळ्यात वायव्येचा 'शमाल' वारा सुटतो. त्याने उठवलेल्या लाटा वारा मागे टाकून अरबी समुद्र ओलांडतात आणि एक-दोन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2011 साली त्यावर निबंधही प्रसिद्ध केला. मात्र काकांना तो वाचावा लागला नव्हता.

सुतार फळी बसवीत असता मी खिळे हातात देत होतो. त्या संध्याकाळी कुणी न सांगताच मी दोन्ही अंगांना टायर बांधले आणि जागत बसलो. पहाटेपर्यंत पाणी तसूभरही हलले नाही.