गिरडच्या टेकडीवरची विष्णुक्रांता

श्रावण सरत आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या बरड जमिनीसुद्धा हिरव्या होतात. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला आपण जातो ते फरीदबाबांच्या दर्ग्यासाठी; हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्याच जातात. टेकडीवरचे गोल गोल दगड मुलांना दाखवतो. बाबांनी व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी कथा आहे. दगड पाहून झाले, की जरा वाकून गवतातही पाहा. मात्र सकाळीच हं! दुपारी ही फुलं मिटतात.

करंगळीच्या नखाएवढं, निळंभोर, बशीसारखं पसरट फूल. फांद्या बारीक, जमिनीला धरून पसरलेल्या. पानं छोटी आणि हात लावला तर रेशमासारखी लवदार. हीच विष्णुक्रांता. शाळेतल्या मुलींना दाखवायला नेलं तेव्हा निम्म्या जणी केन्याकडेच बोट दाखवत होत्या! केन्याचंही फूल निळंच; पण त्याच्या दोन पाकळ्या उंदराच्या कानांसारख्या वर उठलेल्या असतात आणि पान लांबट. त्याची भजी करावी, औषध नव्हे.

मुलांच्या बुद्धीसाठी 'शंखपुष्पी' म्हणून पुष्कळ ठिकाणी हीच वापरतात. तापावर आणि जुलाबावरही तिचा काढा देण्याची रीत आहे. चरकांनी बुद्धिवर्धक म्हणून ज्या चार वनस्पती सांगितल्या, त्यांत शंखपुष्पीला विशेष मान. पण शंखपुष्पी नेमकी कोणती, यावर वैद्यांचं एकमत नाही. सरकारी आयुर्वेदीय ग्रंथात पांढरट-गुलाबी, नरसाळ्यासारख्या फुलाची तिची चुलत बहीण आहे; केरळात तर कुंपणावरच्या गोकर्णीलाच शंखपुष्पी म्हणतात. तिथे विष्णुक्रांता वेगळी. ती बायका केसांत माळतात त्या दशपुष्पांपैकी एक. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेला चुरा मिळतो, त्यावरून काय ओळखणार?

परीक्षा जवळ आली की आपण शंखपुष्पीच्या सरबताची बाटली आणतो. तेव्हा एक लक्षात ठेवा. फिट्सवर फेनिटॉइन घेणाऱ्या रोग्यांना शंखपुष्पीचं औषध दिल्यावर फिट्स आवरेनात, म्हणून तपास झाला. 1992 साली तो प्रसिद्ध झाला. हे औषध वारंवार दिल्यावर उंदरांच्या रक्तातलं फेनिटॉइनचं प्रमाण उतरलं होतं. घरात कुणाला फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बाटली उघडूच नका.