दोन स्क्रूंचं दार

आमच्या छापखान्यात खिडकीखालच्या टेबलाच्या पोटाशी तो उभा असतो. काळं लोखंडी कॅबिनेट, पुढे दोन यूएसबी, त्यातली एक कायमची मुकी. कपाळावर कुंकवाची बोटं. खंडेनवमीला ऑफसेट मशीन आणि कटिंग मशीन यांच्या ओळीत त्याचीही पूजा होते. झेंडूची माळ उतरते, कुंकू मात्र वर्षभर टिकतं. बटण दाबलं की तो एकदाच बारीक आवाज देतो. एकदा वाजला की तब्येत ठीक. सारखा वाजत राहिला तर समजावं, रॅम जागेवरून हललीय. मग ती काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसायची आणि दोन्ही बाजूंनी दाबून परत बसवायची.

२०१३ साली पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याची जुळणी झाली. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी डीडीआर३ रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीचा, त्यामुळे कॅबिनेटच्या कपाळावर कुणा एकाचं नाव नाही. हे सगळे भाग एका पेटीत नांदू शकतात, कारण इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाची मापं ठरवली. बोर्ड कुठे बसणार, स्क्रूची भोकं कुठे पडणार, वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, केवढा असणार, हे सगळं तेव्हापासून ठरलेलं आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या कारखान्यांनी बनवलेल्या वस्तू त्या मापांमुळे इथे गुण्यागोविंदाने राहतात. त्याच्या स्वभावाचं मूळ मला इथे दिसतं. कुणालाही आत घ्यायला तो तयार असतो.

काम त्याने भरपूर केलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, एका छोट्या दिवाळी अंकाची पानं. हे सगळं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांमध्ये. या फॉन्टांची एक गंमत असते. फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट नसेल, तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. आमच्या फॉन्टांना वर एक कुलूपही आहे. कॅबिनेटच्या पाठीवर पंचवीस भोकांचा पॅरलल पोर्ट आहे, त्यात ते कायम खोचलेलं असतं. ते निघालं की मराठी बंद. असा पोर्ट आताच्या बहुतेक बोर्डांवर येत नाही. गावातल्या कितीतरी घरांच्या पत्रिका, त्यांतली निमंत्रकांची नावं, वडीलधाऱ्यांचा क्रम, कुलदैवतं, हे सगळं याच्या पोटात आहे, आणि ते नीट वाचता येतं ते यालाच.

पुढे तो थकला. सकाळी बटण दाबून चहा घेऊन आलं, तरी पडदा पूर्ण उभा राहिलेला नसे. फाइल उघडताना पुढचा छोटा दिवा सतत पेटलेला. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं आणि त्यानंतर एकही वेबसाइट धड उघडायची नाही. येणारा-जाणारा म्हणे, नवीनच घ्या. त्याच्यावर होतं जुनं विंडोज ७, आणि त्यात विंडोज १०चाही अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा. त्या दारातून त्याला प्रवेश नव्हता.

आमच्याकडे हार्डवेअर बघायला येणारा मुलगा मात्र वेगळं बोलला. ''काका, आधी उघडून बघू. नवीन घ्यायचं तर उद्याही घेता येईल.''

उघडणं म्हणजे पाठीमागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा मागे सरकवणं. बस, एवढंच. आत शिक्कामोर्तब केलेलं काही नाही, डिंकाने चिकटवलेलं काही नाही. केबल कुठून कुठे जाते, ते डोळ्यांना दिसतं. ज्याला यातलं काही कळत नाही, त्यालाही पंखा फिरतोय की नाही ते कळतं. यंत्राच्या अंगी असणाऱ्या गुणांत मी या मोकळेपणाला फार वरची जागा देतो. आपल्यात काय बिघडलंय ते तो लपवत नाही.

पत्रा निघाला आणि एकेक तक्रार आपापल्या जागी सापडू लागली. छापखान्यातला कागदाचा भुसा प्रोसेसरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, जाड थराने बसला होता. हवा जायला वाटच नव्हती. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, म्हणजे त्या मंदपणातला एक वाटा निव्वळ धुळीचा. ब्लोअर मारला, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. घड्याळ मागे जायचं कारण होतं बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, तीन व्होल्टची. ती संपलेली. तारीखच चुकीची असली की ब्राउझरला वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं खोटी वाटतात. आम्ही इतके दिवस इंटरनेटवाल्याला दोष देत होतो आणि दोष होता कुठल्याही घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या एका चकतीचा.

खरा थकलेला भाग निघाला हार्ड डिस्क. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं, शिवाय हेडने योग्य पट्ट्यावर सरकून जायचं. सगळ्या इमारतीत फायली आणून देणारा एकच शिपाई असावा, तशी तिची गत. सलग पानं मागितली तर तो चांगला पळतो, पण इथली एक, तिथली एक असं मागत गेलं, तर सेकंदाला शंभरएक फेऱ्यांतच दमतो. आणि आजच्या सॉफ्टवेअरची मागणी नेमकी अशीच असते, विखुरलेली. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ हातावर हात ठेवून वाट बघत बसलेला.

तिथे आम्ही एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काही नसतं. कुठलीही जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सापडते. आमच्या बोर्डावरची साटा जोडणी जुन्या वेगाची, सेकंदाला तीन गिगाबिटची, त्यामुळे एसएसडीची सगळी धाव तिथे उतरत नाही. तरी फरक पडतो, कारण इथे दुखणं शोधाशोधीचं होतं आणि तेच गेलं. आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत तो कामाला तयार असतो.

रॅमची दुसरी फट पहिल्यापासून रिकामी होती. तिथे आणखी चार जीबी डीडीआर३ बसवली. रॅम घेताना पिढी बघावी लागते. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या फटीत बसतच नाही. दुसरा अडथळा अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्या काळात कितीतरी कॉम्प्युटरांवर विंडोज ७ची ३२ बिटांची आवृत्ती टाकलेली असे, आमच्याही. ती चार जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. वर कितीही रॅम बसवा, ती नुसती बसून राहते.

म्हणून आम्ही त्याला दोन आयुष्यं दिली. एसएसडीवर ६४ बिटांचं लिनक्स मिंट घातलं. रोजची मेल, पीडीएफ, व्हॉट्सॲपवर ग्राहकांनी युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर, हे सगळं तिथे. जुन्या हार्ड डिस्कची आधी पूर्ण नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मग तीही आत परत लावली, जुन्या विंडोजसकट, जुन्या फॉन्टांसकट. एखादी जुनी पत्रिका काढायची असली, की सुरू होताना ती डिस्क निवडायची. त्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणून तिकडे जाण्याआधी इंटरनेटची केबल काढायची, हा आमच्याकडचा नियम. पॅरलल पोर्टवरचं कुलूप अजून आपल्या जागी आहे आणि थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका समोर ठेवून धाकट्याची करून द्या म्हणणारी घरं अजूनही येतात.

प्रोसेसर आम्ही बदलला नाही. याच सॉकेटमध्ये चार कोअरचा आय५ बसतो आणि वापरलेला मिळतोही. पण दोन कोअरचा आमचा आय३ कुठेच कमी पडत नव्हता. ग्राफिक्स कार्डही घेतलं नाही, पत्रिकेला ते लागत नाही. एसएमपीएस तेवढा नवा आणि चांगला घेतला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जशी वरखाली होते, तिच्यासमोर पहिला तोच उभा असतो. तो खराब झाला, तर जाताना बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो.

त्याला मर्यादा आहेत, त्या मी लपवणार नाही. एलजीए ११५५ हे त्याचं सॉकेट इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीपुरतंच. २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीला इंटेलने दुसरं सॉकेट दिलं. जिथे आजचं जड व्हिडिओ-संपादन चालतं किंवा जिथलं सॉफ्टवेअर विंडोज ११शिवाय हलत नाही, तिथे असा कॉम्प्युटर धरून बसणं म्हणजे त्यालाच छळणं. बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगले असतील, तर बहुतेक वेळा त्यावर पैसे घालू नयेत.

पण यातलं काही नसताना तो भंगारात गेला असता, तर ती उधळपट्टी ठरली असती. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता. एक डेस्कटॉप आणि सतरा इंची जुन्या पद्धतीचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड हजार किलो पाणी लागतं. आजचे आकडे वेगळे असतील, पण मोठा खर्च वस्तू घडवतानाच होऊन जातो हे त्यातून कळतं. दुसऱ्या टोकालाही डोंगर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. आमचा काळा डबा त्या ढिगात गेला असता, तर त्याच्याबरोबर धडधाकट प्रोसेसर, धडधाकट बोर्ड आणि पत्र्याची निरोगी पेटी गेली असती. एक दमलेली डिस्क आणि एक संपलेली चकती, एवढ्या कारणासाठी.

म्हातारपण सगळ्या अंगाला एकदम येत नाही, हे मला त्याने दाखवलं. थकतो एखादाच भाग, आणि बोल लागतो सगळ्याला. एक दिवस त्याचा बोर्डही जाईल. त्या दिवशी डीडीआर३ रॅम आणि प्रोसेसर निवृत्त होतील, पण कॅबिनेट, एसएमपीएस आणि एसएसडी राहतील आणि त्याच भोकांवर नवा बोर्ड बसेल. तोवर जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये आणून ठेवायचं काम माझं आहे, आणि ते मी सुरू केलंय.

ओळखीच्या छापखानेवाल्यांना, दुकानदारांना, घरी मुलांसाठी जुना कॉम्प्युटर असलेल्या पालकांना मी हेच सांगतो. आधी डिस्कची नक्कल घ्या. मग पत्रा काढून धूळ साफ करा, चकती बदला. मग एसएसडी, मग रॅम. प्रत्येक पायरीनंतर एक दिवस काम करून बघा. पाकीट काढायची वेळ बऱ्याचदा तिसऱ्या पायरीवर येते आणि चौथ्यावर संपते. एवढं करूनही तो चालला नाही, तर खुशाल नवा घ्या आणि जुना अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.